लिहिता हात

वेल्सहून ग्रीसमधल्या वोलोसला इंग्रजी शिकवायला आलेला ओवेन ऐन परीक्षेच्या तोंडावर समोरच्या क्लासला जाऊन मिळणार होता. गल्लीच ती, बातमी झाकून थोडीच राहते! दुपारी त्याच्या सध्याच्या क्लासच्या मालकीणबाईंचा भाचा लाम्ब्रोस सत्तूर घेऊन त्याच्या खोलीवर आला. धंद्याने खाटीक, आणि वर्षभर ओवेनच्याच वर्गात मागच्या बाकावर घोरणारा. मानगूट धरून त्याने ओवेनला टेबलावर दाबलं.

"सर, लिहिता कुठल्या हाताने?"

ओवेनने उजवी मूठ घट्ट आवळली. "डाव्या!" तो खोटंच ओरडला.

सत्तुराची पाठ त्याच्या उजव्या मुठीवर दाणकन बसली. पुन्हा बसली. बोटांचा चुरा झाला.

"रडू नका हो सर. लिहिता हात तेवढा शाबूत ठेव म्हणाली मावशी. सहाला क्लास आहे ना!"