दानाचं पांघरूण

पनवेलच्या विणकाम गटात हेमलताताईंच्या नजरेतून एकही वाकडा चौकोन सुटत नसे. “हे काय, पायपुसणं?” म्हणत त्या तो दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवत आणि विणणारीला पुन्हा उसवायला लावत. असे पारखून घेतलेले जांभळ्या-पिवळ्या लोकरीचे चौकोन जोडून झालेलं पांघरूण त्यांनी शिरढोणजवळच्या वृद्धाश्रमात, उरणकडचे म्हातारे मच्छीमार कमळाकर नाखवा यांच्या खांद्यावर घातलं आणि फोटो काढून घेतला. नाखवा काही हसले नाहीत. “या लोकांना कशाची किंमतच नसते,” असं ताई गाडीत बसता बसता म्हणाल्यासुद्धा.

महिन्याभराने त्या पुन्हा गेल्या, तर पांघरुणाचा पत्ता नव्हता. नाखवा खाटेवर बसून लोकरीला गाठी मारत होते, आणि खिडकीच्या गजांना बांधलेलं जांभळं-पिवळं मासेमारीचं जाळं त्यांच्या पायांपर्यंत लोंबत होतं.

“उसवलंत? आमची एवढी मेहनत!” ताईंचा आवाज चढला. “आणि लोकरीच्या जाळ्यात मासा अडकतो का कधी?”

“नाय अडकत,” नाखवांनी मानही वर केली नाही. “पन बाय, हितल्या उकाड्यात लोकरीचं पांगरून तरी कोनी मागितलं व्हतं? तुमच्या हाताला काम पायजे व्हतं. माज्या पन हाताला पायजे.”