राऊळांच्या मेंदूचं वय

पक्षाघातानंतर चौथ्या दिवशी रुग्णालयातल्या यंत्राने बहात्तर वर्षांच्या सदाशिव राऊळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या तपासल्या आणि जाहीर केलं, "रक्तवाहिन्यांचं वय एक्केचाळीस. उजवा हात नऊ आठवड्यांत पुन्हा कॅरम खेळेल."

भेटायला आलेला त्यांचा कॅरममधला जुना प्रतिस्पर्धी बाबल परब चिडला. "मी याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान! माझं डोकं बघा."

यंत्राने बघितलं. "रक्तवाहिन्यांचं वय ब्याण्णव. यांना झटका आला, तर हात परत येणं कठीण."

बाबलचा हात सवयीने खिशातल्या तंबाखूच्या डबीकडे गेला. राऊळांनी डावा हात पुढे केला. "तं... तंबाखू दे."

"तू कधीपासून खायला लागलास?"

"फे... फेकायला. तुझा हात गेला, तर मी हरवू कुणाला?"

बाबलने डबी दिली. "घे. पण उद्या बोर्ड आणतो. तुझा उजवा हात बरा व्हायच्या आत मला एकदा तरी जिंकू दे."