शोधकाचा रकाना

नव्या लघुग्रहाच्या नावाचा प्रस्ताव सरांनी वेधशाळेतल्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. टाळ्या पडल्या. नावाच्या रकान्यात सहायक बाईंचं नाव होतं. त्याच्या वर, शोधकाच्या रकान्यात, सरांचं.

"एकोणीस वर्षं दुर्बिणीचे फोटो ताडून डोळे फोडलेत तुम्ही, बाई. आता तुमच्या नावाचा दगड आकाशात फिरणार! खूश ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन फोटोंमधला सरकलेला ठिपका त्यांनी हेरला होता, त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल त्यांनीच काढला होता. सर तेव्हा "धूळ असेल हो, पुसून टाका" म्हणत चहाला निघून गेले होते.

"एवढा मान मला पेलायचा नाही, सर." बाईंनी पेन उचललं, कागद फाटेल इतक्या जोरात आपलं नाव खोडलं आणि तिथे सरांचं लिहिलं. "तुमच्याच नावाचा असू दे."

सर दचकले. "अहो, भलतंच काय! नाव सुचवायचं शोधणाऱ्यानं, पण स्वतःचं द्यायचं नसतं. संकेत आहे तसा. जगभरातले लोक हसतील मला!"

"ठाऊक आहे." बाईंनी वरच्या रकान्यातलं सरांचं नावही खोडलं, तिथे ठसठशीत अक्षरांत आपलं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आता नाही हसणार."