आत की बाहेर?

नौदलातून निवृत्त झालेल्या लायनेल पास्कोंना साउथसीच्या घरीही संध्याकाळी पिंक जिन लागायची. मुलगी रोवेना रिकाम्या पेल्यात कडू, लालसर अर्काचे थेंब फिरवायची आणि अर्क पेल्यात ठेवायचा की झटकायचा, हे जहाजावरच्या रिवाजाप्रमाणे विचारायची, "आत की बाहेर?"

"बाहेर! औषध प्यायला बसलोय का मी?"

अर्क झटकून ती त्या गुलाबी पेल्यात गुपचूप गार पाणी ओतायची. यकृत बिघडल्यापासून डॉक्टरांनी जिन बंद केली होती. डॅडी मिटक्या मारत म्हणायचे, "झकास!"

आज डॉक्टर येऊन गेले आणि तिने खरी बाटली उघडली.

डॅडींनी एक घोट घेतला. पेला हळूच खाली ठेवला.

"आज खरी आहे," ते म्हणाले. "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले तर."