पाठमोरे राव

‘रावांच्या डोक्यावर भोवरा एक नाही, दोन आहेत. तुम्ही नेहमी एकच काढता.’

प्रतिक्रिया वाचली आणि चेतनाचा चहा बशीत सांडला.

नवापुरात ती कोंबडीखाद्याच्या दुकानात बिलं करायची आणि दर रविवारी मोबाइलवर आपल्या घराची चित्रकथा टाकायची. नाव ‘आमनं घर’. त्यात ती, सासू भिकुबाई आणि नवरा हेमराज. लग्नाच्या वर्षापासून एक रविवार चुकला नव्हता. वाचक दूरदूरचे, आणि सगळे जणू सोयरे. कुणी भिकुबाईला गुडघ्यासाठी तेल सुचवायचं, कुणी वांग्याच्या भरिताची कृती मागायचं. चेतना एकूण एकाला उत्तर द्यायची. लग्नघरात पान-सुपारी फिरवावी तसं, कुणी राहायला नको.

हेमराज मात्र चित्रात कायम पाठमोरा. पहिलंच चित्र पाहून भिकुबाई कडाडली होती, “ज्यानं नाव लेतस नही, त्यानं तोंड जगले कसं दखाडस तू?” तेव्हापासून नवऱ्याचं तोंड जगाला दाखवणं बंद, नुसती पाठ; आणि वाचकांनी त्याचं बारसं केलं : पाठमोरे राव. राव कूलरमध्ये पाणी भरताहेत, राव जेवताहेत, राव पेपरात बुडालेत. पाठीवर प्रेम करणारे वाचक चेतनालाच मिळायचे.

भोवऱ्यांच्या प्रतिक्रियेखाली धमाल उडाली. ‘दोन भोवरे म्हणजे दोन बायका! ताई, सांभाळा!’ चेतनानेही हसरा चेहरा टाकला. मग मोबाइल पालथा ठेवून दिला.

कारण भोवरे खरंच दोन होते.

ते पाहिलेत कुणी? तान्हेपणी टाळूवर तेल घालणाऱ्या भिकुबाईने, केस कापणाऱ्या भिलाने, आणि बायकोने. भिकुबाईचा मोबाइल नुसता वाजायचा; उचलायचं काम सुनेचं. राहिला भिला.

“भिलाभाऊ, तुम्ही माझी चित्रं बघता का हो?”

“वहिनी, मी मोबाइलवर भजनं ऐकतो,” गिऱ्हाइकाच्या गालावर फेस फासत भिला म्हणाला. “पण भाऊ हल्ली येत नाहीत आमच्याकडे. सुरतेत फॅशनचे केस कापून घेत असतील, नाही का?”

“नोकरीच तशी आहे. शनिवारी उशिरा येतात, सोमवारी अंधारात जातात.”

“दिसतच नाहीत!”

“झोपतात बिचारे.”

भिलाने मान डोलवली. गल्लीला माणूस दिसला नाही तरी चालतं. उत्तर मिळालं की गल्ली तृप्त.

पण ते बिनफोटोचं खातं तृप्त होईना. ‘बशी ते डाव्या हातात धरतात.’ पुढच्या रविवारी : ‘निळ्या सदऱ्याची कॉलर मागून उसवली आहे, ती नाही काढलीत.’ चेतनाने खिडकीला पडदा लावला. दुकानातून येताना दोनदा मागे वळून बघायला लागली.

“काय व्हयनं वं? तोंड कसं उतरी गयं तुन्हं?” भिकुबाईने विचारलं.

चेतनाने सगळं वाचून दाखवलं. म्हातारीने लसूण सोलायचा थांबवला.

“बंद करी दे ते चित्र.”

“बंद व्हयनं ते लोके इचारतीन, माय.”

भिकुबाई पुन्हा लसूण सोलायला लागली, पण सालं पातेल्यात आणि पाकळ्या सुपात.

मग थेट निरोप आला. ‘रविवारी येते आहे.’

येते. म्हणजे बाई. चोराला घरातलं सोनं हवं असतं. ही बाई नवऱ्यावरचा हक्कच मागायला येत असणार, असं चेतनाला वाटलं. ती दारात उभी राहिली की ‘आमनं घर’ संपलं.

तिने घाईने लिहिलं, ‘रविवारी आम्ही बाहेरगावी आहोत.’

उत्तर लगेच आलं. ‘रविवारी राव घरी असतात. तुम्हीच काढता. पाण्याच्या टाकीजवळचं हिरवं दार ना? तेही तुम्हीच काढलंय.’

रविवारी सकाळी कडी वाजली. चेतनाने दार अर्धंच उघडलं आणि चौकटीवर हात आडवा धरला. बाहेर तिच्याच वयाची बाई, हातात कापडी पिशवी, गाडीच्या गर्दीत चुरगळलेली साडी.

“कोन शे?” आतून भिकुबाई.

“मी ममता. सुरतहून आले. भोवऱ्यांचं मीच लिहायची.”

“काय पाहिजे?”

“भांडायला नाही आले, ताई. ते माझ्याकडे राहत होते, हे तुम्हाला ठाऊक असेल.”

चेतनाचा हात चौकटीवरून हलला नाही.

“होळीच्या आधी कामावर म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. फोन बंद. दवाखाने पालथे घातले, चौकीवर बसून राहिले. मग तुमची चित्रं सापडली. कूलरमध्ये पाणी भरताना दिसले आणि जिवात जीव आला. पण खात्री होईना, म्हणून एकेक खूण लिहीत गेले. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत.” तिने पिशवीतून दम्याचा पंप काढला. “हा घरीच विसरलेत. ह्याच्यावाचून त्यांचं भागत नाही. एवढा देते, लांबून एकदा बघते आणि परतीची गाडी धरते. आत आहेत ना?”

चेतनाचा हात चौकटीवरून गळून पडला.

“म्हणजे,” तिने विचारलं, “हे तुमच्याकडे पण नाहीत?”