कच्चे बटाटे

स्लो कुकरचं झाकण मध्येच एकदा उघडलं की जेवण अर्धा तास लांबतं, हे आमच्या विस्कॉन्सिनमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. नॅडीन सकाळी सातला सॉसेज, बटाटे, गाजरं त्या विजेच्या भांड्यात दिवसभर मंद शिजत लावून कामावर जायची. घरात मायलेकी दोघीच, त्यामुळे दिवसभर कुलूप. तरी सोमवारी बटाटे जरा टणक निघाले. मंगळवारी गाजरंही. बुधवारी जेवायला नऊ वाजले.

गुरुवारी बारा वर्षांची टेसा तापाने घरी राहिली, एकटीच.

संध्याकाळी नॅडीनने झाकण काढून काटा टोचला. कुकर चांगला तापलेला होता. बटाटा मात्र सकाळी चिरला तसाच कच्चा होता.

झाकण ओट्यावर ठेवून ती वर गेली. "टेसा, सारखी झाकण उघडत होतीस ना गं?"

"माझ्यावर नको हं ढकलूस, मॉम! तूच दिवसभर झाकण हातात धरून उभी होतीस. जिन्यातून किती हाका मारल्या, वळलीसुद्धा नाहीस."

नॅडीन पलंगावर बसली. "मग... काय म्हणाले मी?"

"'अजून कच्चं आहे. झालं की तुला बोलावते.'"

खाली कुकरवर काचेचं झाकण अलगद टेकलं. मग नॅडीनच्याच आवाजात हाक आली, "टेसा, ये गं. झालं."