अडकलेली प्रिंट

"अहो, ब्राउझरवरून तीनदा प्रिंट दिली, तरी कागद येईना! हॉल तिकिटाशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत," सुलक्षणा नवऱ्याला म्हणाली. दौंडातली झेरॉक्सची दुकानं रविवारची बंद होती आणि तिची पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची.

रविराजनं प्रिंटर उलटासुलटा करून पाहिला. "मेलाय हा. जाऊ दे ना! तसंही बाळाला कोण बघणार व्हतं?"

सोमवारी गाडी गेली तेव्हा सुलक्षणा बाळाला पाजत बसली होती.

मंगळवारी सासूबाईंचं रेल्वेचं तिकीट छापायचं होतं. रविराजनं काही न शोधता थेट सेटिंग उघडलं, 'ऑफलाइन'वरची खूण काढली आणि प्रिंटर घरघरला. आधी बाहेर आली ती सुलक्षणाची तीन हॉल तिकिटं.

 

"किती गं कागद वाया घालवलेस!" रविराज म्हणाला.